शिबिराआधी संडास बघून या

मे महिन्यात आम्ही काही पालक मिळून तीन दिवसांचं निवासी शिबिर घेतो. कुणी स्वमग्न, कुणाला डाउन सिंड्रोम, दोघं व्हीलचेअरवर, अशी बारा मुलं. मुलं म्हणायची आपली सवय; त्यातला सगळ्यात मोठा 41 वर्षांचा आहे.

तुम्हालाही घ्यायचं असेल तर समुद्र किती जवळ ते नंतर, आधी संडास-बाथरूम बघा. कमोड आहे का, व्हीलचेअर दारातून आत जाते का (टेप घेऊनच जा), ओल्या फरशीवर पाय घसरतो का. आणि आतली कडी! पहिल्या वर्षी एकाने ती लावून घेतली, मग उघडता येईना. पाऊण तास तो बादलीवर मग आपटत होता. शेवटी सुताराने दार उतरवलं. आता पोचल्याबरोबर मी स्क्रूड्रायव्हर काढते आणि सगळ्या आतल्या कड्या काढून ठेवते. मालकाला आधी विचारलेलं बरं. दाराबाहेर लाल-हिरवी पाटी टांगली की काम भागतं.

फॉर्मवर ‘आवडीनिवडी’ असा रकाना ठेवू नका, आया ‘सगळं खातो’ लिहून मोकळ्या होतात. लघवीला लागली हे कसं सांगतो? रात्री उशाशी काय लागतं? कुठला आवाज सोसत नाही? असं विचारा. एकीने लिहिलं होतं, ‘कुकरची शिट्टी’. मग रोज कुकर चढला की तिच्या लेकाला मागच्या अंगणात कैऱ्या मोजायला बसवायचो. भात होईस्तोवर अठरा कैऱ्या चारदा मोजून व्हायच्या.

दिवसाचा क्रम फोटोंनी दोरीवर चिमट्याने लावा. झालेलं काम ज्याचं त्याने काढायचं. हेच फोटो पंधरा दिवस आधी घरी पाठवा.

ऊन तापलं की सगळे आत. फिटच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, अंग लवकर तापतं, म्हणून पाणी मागायची वाट बघू नका.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, नाकाशी कांदा नाही, चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. हे स्वयंसेवकांबरोबर स्वयंपाकाच्या मावशींनाही शिकवा, कारण कांदा घेऊन सगळ्यात आधी त्याच धावत येतात.