एनएफएलच्या काँट्रॅक्टमध्ये आकडा नंतर बघा, आधी तारीख बघा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मेसेज करतं की दादा मी लॉ करतोय, अमेरिकेत जाऊन स्पोर्ट्स एजंट व्हायचंय, कसं जमेल. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधीच सांगतो, मी एजंट झालो नाही. ओहायोत शिकत असताना एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, खेळाडूंची काँट्रॅक्ट करणाऱ्या एका छोट्या एजन्सीत इंटर्न होतो आणि मग ओपीटीचं (शिक्षण झाल्यावर स्टुडंट व्हिसावरच काम करायची मुभा) एक वर्ष तिथंच काढलं. चार माणसांचं ऑफिस, खाली दाताचा दवाखाना, वर आम्ही. तेव्हा इथं यशस्वी माणसाचे सल्ले वगैरे मिळणार नाहीत, जे बघितलं ते सांगतोय.

मी सांगली जिल्ह्यातला, घरी ऊस. कारखान्यानं टनाला अमुक दर जाहीर केला असं पेपरात आलं की गावात सगळे खूश, आणि आमचे आजोबा एकच विचारायचे, पहिली उचल किती आणि खात्यावर कधी पडणार? बाकीचं पडेल तेव्हा पडेल. एजन्सीत पहिल्या आठवड्यात बॉसनं एक काँट्रॅक्ट वाचायला दिलं आणि विचारलं सांग याला किती पैसे मिळणार, मी मोठ्या रुबाबात एकूण रक्कम सांगितली आणि तो हसला. तेव्हा आजोबाच आठवले. टीव्हीवर जो आकडा येतो तो जाहीर झालेला दर असतो हो, उचल नसते.

म्हणजे कसं ते बघा. बेसबॉल, बास्केटबॉलमध्ये काँट्रॅक्ट बहुतेक पूर्ण गॅरंटीड असतं. एनएफएलमध्ये तसं नाही, इथं पाच वर्षांचं काँट्रॅक्ट असलं तरी टीम मध्येच नारळ देऊ शकते आणि पुढच्या वर्षांचा गॅरंटी नसलेला पगार गेला खड्ड्यात. डेशॉन वॉटसनला 2022 मध्ये क्लीव्हलंडनं पाच वर्षांचे 23 कोटी डॉलर पूर्ण गॅरंटीड दिले तेव्हा बाकीच्या मालकांच्या पोटात गोळा आला तो याचसाठी. त्यामुळे काँट्रॅक्ट हातात आलं की आधी सही करताना किती गॅरंटी आहे ते बघा, मग पुढच्या कुठल्या तारखेला अजून किती गॅरंटी होणार ते बघा. उदाहरणार्थ लिहिलेलं असतं की मार्चमध्ये लीगचं नवीन वर्ष सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी खेळाडू टीमवर असेल तर इतका रोस्टर बोनस. त्या पाचव्या दिवसाच्या आत टीमला ठरवावं लागतं, ठेवायचं की काढायचं.

आता सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमला वर्षाला खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करता येतो त्याची मर्यादा. 1994 साली सुरू झाली तेव्हा टीममागे 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 ला 27 कोटी 92 लाख. मधे 2021 ला कोविडमुळे स्टेडियम रिकामे राहिल्यावर 19.82 कोटीवरून 18.25 वर आली, आणि त्या मार्चमध्ये कितीतरी चांगल्या खेळाडूंनी एक-एक वर्षाची काँट्रॅक्ट केली, पुढच्या वर्षी बघू म्हणून. कॅप म्हणजे कॅश नव्हे हे डोक्यात बसायला मला दोन महिने लागले. साइनिंग बोनस खेळाडूला रोख मिळतो पण कॅपच्या हिशोबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून लावता येतो. समजा 2 कोटीचा बोनस, पाच वर्षांचं काँट्रॅक्ट, तर कॅपवर दरवर्षी 40 लाख. दोन वर्षांनी त्याला काढलं तर राहिलेले 1 कोटी 20 लाख एकदम अंगावर येतात, त्याला डेड मनी म्हणतात. माणूस गेला तरी कर्ज राहिलंच. 1 जूननंतर काढलं असं दाखवलं तर तो बोजा दोन वर्षांत विभागता येतो, डेन्व्हरनं 2024 ला रसेल विल्सनला काढताना तेच केलं आणि तरी दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलर डेड मनी लागला. गंमत म्हणजे त्या वर्षी त्याचे 3 कोटी 90 लाख गॅरंटीड होते, म्हणून तो पिट्सबर्गकडे नुसत्या किमान पगारावर म्हणजे 12 लाख 10 हजारावर गेला आणि बाकीचे डेन्व्हर भरत बसलं. गॅरंटी म्हणजे काय हे मला कुणी विचारलं की मी हेच सांगतो.

फ्री एजंट, म्हणजे दुसऱ्या टीमकडं जायला मोकळा खेळाडू, कोण होतो याचे नियम तोंडपाठ करा, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच असतो. काँट्रॅक्ट संपलं आणि चार सीझन जमा झाले असतील तर अनरिस्ट्रिक्टेड, कुठंही जा. तीन असतील तर रिस्ट्रिक्टेड, म्हणजे टीमनं टेंडर (एका वर्षाची ठरलेली ऑफर) दिला तर दुसऱ्याची ऑफर बरोबरीनं देऊन ठेवून घ्यायचा हक्क तिला. तीनच्या आत असेल आणि टीमनं किमान पगाराची ऑफर दिली तर दुसरीकडं बोलायचं कामच नाही. आणि सीझन जमा व्हायला किमान सहा मॅचचे आठवडे पूर्ण पगाराच्या यादीवर असावं लागतं, प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे नुसत्या सरावाच्या यादीवर, काढलेला काळ धरत नाहीत. आमच्याकडं एक पोरगा पाच मॅचवर अडकला होता, एका मॅचनं त्याचं अख्खं वर्ष मोजलं गेलं नाही. हे सगळं लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्या 2020 च्या करारात आहे, चारशेच्या वर पानं, युनियनच्या साइटवर फुकट मिळतो. कोचिंग क्लास शोधू नका, तोच वाचा.

हे स्वातंत्र्य तसं अलीकडचंच आहे. 1992 ला मिनिअ‍ॅपोलिसच्या कोर्टात खेळाडूंनी लीगच्या जुन्या नियमांविरुद्धची केस जिंकली, फ्रीमन मॅकनीलची, मग 1993 पासून खरी फ्री एजन्सी आली आणि पहिल्याच वर्षी रेजी व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला चार वर्षांच्या 1 कोटी 70 लाखांवर गेला. पण मालकांनी त्याच सौद्यात फ्रँचायझी टॅग घेतला. म्हणजे टीम दरवर्षी एका खेळाडूला एक वर्षासाठी अडवून ठेवू शकते, त्याच्या पोझिशनच्या टॉप पाच पगारांवरून काढलेली रक्कम किंवा मागच्या पगाराच्या 120 टक्के, जे जास्त ते देऊन. ऐकायला भारी वाटतं, पण एकच वर्ष आणि गुडघा गेला की संपलं. कर्क कझिन्सनं हा टॅग उलटा वापरला, वॉशिंग्टननं 2016 आणि 2017 असा दोनदा टॅग लावला, त्यानं शांतपणे जवळजवळ 2 कोटी आणि मग 2 कोटी 39 लाख घेतले आणि 2018 ला मिनेसोटाकडून तीन वर्षांचे 8.4 कोटी पूर्ण गॅरंटीड काढले. लेव्हिऑन बेल त्याच 2018 ला टॅगवर सहीच न करता अख्खा सीझन घरी बसला, 1 कोटी 45 लाख सोडले. पुढच्या वर्षी जेट्सनं चार वर्षांचे 5.25 कोटी दिले, पण ऑक्टोबर 2020 मध्ये काढूनही टाकलं. बेल रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) होता हे विसरू नका, त्या पोझिशनला लोक नव्या पोरांकडं बघतात. कझिन्ससारख्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकून टीम चालवणाऱ्याला, जे जमतं ते सगळ्यांना नाही जमत, वाटाघाटीत तुमच्याकडं दुसरं दार उघडं आहे का यावर सगळं असतं.

आता माझा मार्च 2023. सोमवार 13 तारीख, दुपारी 12 ला काँट्रॅक्ट संपत आलेल्या खेळाडूंसाठी दुसऱ्या टीमशी बोलणी करायची खिडकी उघडते, लोक त्याला लीगल टॅम्परिंग म्हणतात, आणि बुधवारी 4 वाजता नवीन वर्ष सुरू होऊन सह्या. खिडकीत ठरलेलं बंधनकारक नसतं बरं का, 2019 ला अँथनी बार जेट्सला हो म्हणून परत मिनेसोटात राहिला. मी सकाळी सातला जाऊन बसलो होतो, वाटलं फोन खणखणणार, सिनेमासारखं काहीतरी होणार. दुपारी 12 ला टीव्हीवर धडाधड नावं यायला लागली आणि आमचे फोन गप्प. आमचा एक लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) होता, नाव सांगत नाही, चार वर्षं झालेला, बरा खेळाडू, स्टार नव्हे. त्याची आई दर तासाला फोन करायची आणि तो फोन घ्यायचं काम माझं, कारण मी युनियनचा सर्टिफाइड एजंट नाही म्हणून टीमशी एक शब्द बोलायची मला मुभा नव्हती. हे गमतीत घेऊ नका. लमार जॅक्सन तेव्हा एजंट न ठेवता स्वतःच बाल्टिमोरशी बोलत होता, ते चालतं, पण त्याच महिन्यात लीगनं सगळ्या टीमना पत्र पाठवलं की सर्टिफिकेट नसलेला एक जण त्याच्या वतीनं फोन करतोय अशी शंका आहे, त्याच्याशी बोलू नका. (लमारनं एप्रिलमध्ये पाच वर्षांचे 26 कोटी घेतले, एजंटची फी वाचली ती वेगळीच.)

मंगळवारी रात्री दोन ऑफर आल्या. एक होती एका वर्षाचे 45 लाख, सगळे गॅरंटीड. दुसरी तीन वर्षांचे दीड कोटी. घरच्यांना अर्थातच दीड कोटीच दिसत होते. बॉसनं मला फळ्यावर लिहायला लावलं. दुसऱ्या ऑफरमध्ये 25 लाख साइनिंग बोनस, पहिल्या वर्षाचा पगार 15 लाख, गॅरंटी एवढीच, म्हणजे 40 लाख. दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 60 लाख, त्यात छदामाची गॅरंटी नाही. म्हणजे ते खरंतर एका वर्षाचं 40 लाखाचं काँट्रॅक्ट, पुढं टीमची मर्जी. खेळाडूनं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला मला तीन वर्षांचंच हवंय, पोरांची शाळा एका गावात होईल. आता याला काय बोलणार? मला तेव्हा वाटलं हा चुकतोय, आज तेवढं खात्रीनं नाही वाटत. बॉसनं वाद घातला नाही, रात्री एक वाजेपर्यंत टीमशी भांडून त्यानं एकच गोष्ट मिळवली, की दुसऱ्या वर्षीच्या 50 लाखातले 10 लाख रोस्टर बोनस म्हणून वर्ष सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी द्यायचे. रक्कम तीच, तारीख फक्त बदलली. मला कळेना यात मिळालं काय.

कागदपत्रांबद्दल एक. 2013 ला एल्व्हिस ड्युमरव्हिलनं डेन्व्हरला कमी पगारावर होकार दिला होता, पण सही केलेला फॅक्स मुदतीनंतर काही मिनिटांनी पोचला, टीमनं त्याला सोडून दिलं, तो बाल्टिमोरला गेला आणि एजंटही बदलला. आमच्या ऑफिसात यामुळं प्रत्येक कागद पाठवल्यावर फोन करून पोचला का विचारायचं, ते काम पण इंटर्नचं.

इन्सेंटिव्हचं, म्हणजे ठरलेला टप्पा गाठला तर मिळणाऱ्या जादा पैशांचं, थोडक्यात. मागच्या वर्षी गाठलेला टप्पा ठेवला तर कॅपमध्ये आत्ताच धरतात, न गाठलेला नंतर. माइक इव्हान्सला जानेवारी 2025 मध्ये रेग्युलर सीझनच्या शेवटच्या मॅचच्या अगदी शेवटी टप्पा गाठायला अजून 5 यार्ड हवे होते, मॅच जिंकलेलीच होती, तरी शेवटच्या प्लेला त्याला पास दिला, 9 यार्ड मिळाले आणि 30 लाख डॉलर.

पैशाचं बोलू, कारण एजंट म्हणजे जहाज आणि गॉगल असं वाटतं सगळ्यांना. फी जास्तीत जास्त 3 टक्के, पण युनियनच्या फॉर्मवर आधीपासून दीड छापलेलं असतं. 2025 ला नव्या पोराचा किमान पगार 8 लाख 40 हजार, त्याचे दीड टक्के 12,600 डॉलर, तेही तो टीमवर टिकला तर. आणि ड्राफ्टच्या (टीम नवी पोरं निवडतात त्या कार्यक्रमाच्या) आधी त्याचं ट्रेनिंग, राहणं, खाणं बऱ्याचदा एजंटच्या खिशातून. आमच्या एक्सेलमध्ये अर्ध्याहून जास्त नावं लाल रंगात होती. सर्टिफिकेटला पदवी आणि वर मास्टर्स किंवा लॉ लागतं, माझ्या वेळी अर्जाची फीच 2,500 डॉलर होती, ती परत मिळत नाही, परीक्षा उन्हाळ्यात, आणि पास झाल्यावर तीन वर्षांत एकही काँट्रॅक्ट झालं नाही तर सर्टिफिकेट जातं.

व्हिसाचं तर विचारूच नका. माझी डिग्री स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत नव्हती म्हणून ओपीटी एकच वर्ष, आणि चार माणसांचं ऑफिस एचवनबी कुठून करणार, त्यांनी प्रामाणिकपणे आधीच सांगितलं होतं. मी आता एका कंपनीत काँट्रॅक्ट तपासतो, फुटबॉलशी संबंध नाही. तुम्ही येत असाल तर आकडेमोडीचा, डेटाचा स्टेममधला कोर्स घ्या आणि टीमच्या कॅप विभागाकडंही अर्ज करा, फक्त एजन्सीच्या मागं लागू नका.

तो लाइनबॅकर? मार्च 2024 मध्ये चौथ्या दिवशी टीमनं त्याला काढलं, 10 लाख द्यायला नकोत म्हणून. त्याची आई मला रडत म्हणाली की तुमच्या त्या तारखेमुळं घालवलं त्याला. बॉस मात्र खुर्चीत मागं रेलून म्हणाला, ती तारीख नसती तर ऑगस्टमध्ये काढला असता, तेव्हा कुणाच्या कॅपमध्ये पैसेच नसतात. मार्चमध्ये सगळ्यांकडं होते. नऊ दिवसांनी त्याला दुसरीकडं एका वर्षाचे 30 लाख मिळाले, त्यातले 20 गॅरंटीड. गाव बदललं, पोरांची शाळा बदलली. कागद पोचला का विचारायला फोन मीच केला.