हलाल सर्टिफिकेट काढताय? या चुका टाळा

"आमचं प्युअर व्हेज आहे हो, पाकिटावर हिरवा ठिपका आहे, मग हलालचं काय वेगळं?" एक्स्पोर्टची कागदपत्रं करताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. व्हॅनिला इसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असला तरी ठिपका हिरवाच राहतो, आणि ऑडिटर पहिला हात तिथंच घालतो.

याच्या उलटही असतं. एक बेकरीवाले चाचा फाइल मिटून म्हणाले, पाच वक्त नमाज पढतो, माझ्यावर शक? म्हटलं चाचा, तुमच्या इमानावर कोण बोलतंय, मार्जरिनमध्ये काय घातलंय त्याचा सप्लायरचा कागद द्या, गेल्या महिन्यात सप्लायर बदललात ना!

त्याच बेकरीत खारीवर तूप फिरवायचा ब्रश होता, पांढऱ्या केसांचा, लेबल नाही बिल नाही. ऑडिटरने एक केस उपटून पेटवला तर केस जळाल्याचा वास, नायलॉन असता तर वितळून गोळी झाली असती. असे केस बऱ्याचदा डुकराचे असतात (2017 मध्ये मलेशियात असे ब्रश चक्क जप्त केले होते). बरं नुसता ब्रश फेकून भागत नाही, मलेशियात चालणाऱ्या शाफई पद्धतीत (इस्लामी धर्मशास्त्राची एक शाखा) तो लागलेली भांडी सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीच्या पाण्याने. म्हणून आधीच सिलिकॉनचा घ्या आणि बिल जपून ठेवा.

"लॅब रिपोर्ट क्लीन आहे" यावरही विसंबू नका. इंडोनेशियात 2001 मध्ये अजिनोमोटो कंपनीला माल बाजारातून परत घ्यावा लागला होता, मालात डुक्कर नव्हतंच, पण तो बनवणाऱ्या बॅक्टेरियाला जे खाद्य दिलं ते तयार करताना डुकराचं एन्झाइम वापरलेलं. म्हणजे सप्लायरच्याही सप्लायरला विचारावं लागतं, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

आणि सर्टिफिकेट कुणाकडून घेताय ते आधी बघा, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं आणि मलेशियाच्या जाकिमच्या (तिथलं हलालचं बघणारं सरकारी खातं) यादीत ती संस्थाच नाही, तर पैसे पाण्यात. फ्लेवर नवीन आणला तर तोही आधी कळवा, जुन्या सर्टिफिकेटवर आपोआप चढत नाही.

शेवटचं, एक्स्पोर्टचं आणि इथलं पाकीट एकच छापू नका. उत्तर प्रदेशने नोव्हेंबर 2023 मध्ये हलाल सर्टिफाइड मालाच्या विक्रीवर बंदी घातली, एक्स्पोर्टचा माल तेवढा वगळला, त्यामुळे उरलेला लॉट तिकडच्या डीलरला खपवायच्या भानगडीत पडू नका.