पावसाळ्यात ट्रेनरवर सायकल किती वेळ चालवावी आणि त्यात मन कसे टिकवावे

मृगाच्या सरी सुरू होऊन पंधरा दिवस झाले, की पुण्या-मुंबईकडच्या रस्त्यांवर सायकल चालवणे दिवसेंदिवस जोखमीचे होत जाते. खड्डे पाण्याखाली दिसेनासे होतात, घाटात दगड सुटतात आणि पहाटेच्या अंधारात आपला मागचा लाल दिवा पावसाच्या धारांतून ट्रकचालकाला दिसेलच, याची खात्री उरत नाही. अशा दिवसांत सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, बसवून घरातच चालवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. तरीही जूनमध्ये हौसेने मांडलेल्या ट्रेनरवर जुलैअखेर कपडे वाळत घातलेले अनेक घरांत दिसतात. याला लोक आळस म्हणतात, पण गेली काही वर्षे दर पावसाळ्यात घरी सायकल चालवल्यानंतर माझे मत वेगळे झाले आहे. ट्रेनर सुटतो तो बहुधा दोन चुकांमुळे: किती वेळ चालवायचे हे न ठरवता बसणे आणि वाऱ्याची सोय न करणे.

घरातला तास आणि रस्त्यावरचा तास

रस्त्यावर तासभर सायकल चालवताना पाय तासभर फिरत नाहीत. सिग्नलला थांबावे लागते, उतारावर पेडल सोडता येते, पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने थोडी उसंत मिळते. ट्रेनरवर पाय थांबले की काही सेकंदांत चाकही थांबते, त्यामुळे घरातला तास अधिक भरीव असतो. तो बाहेरच्या दीड तासाइतका धरावा, असे सायकलस्वार आपसांत म्हणतात. हा ढोबळ अंदाज आहे आणि त्यावरून किलोमीटरचे हिशेब मांडू नयेत, परंतु त्यातला मुद्दा खरा आहे. बाहेर रविवारी तीन तास सायकल चालवणाऱ्याने घरातही तीन तासच बसले पाहिजे, हा आग्रह सोडून द्यावा.

ज्याने यापूर्वी ट्रेनर वापरलेला नाही, त्याने पहिल्या आठवड्यात तीन वेळा, प्रत्येकी वीस ते पंचवीस मिनिटेच चालवावे आणि त्यानंतर दर आठवड्याला पाच ते दहा मिनिटे वाढवत पंचेचाळीस मिनिटांपर्यंत यावे. केवळ आरोग्यासाठी सायकल चालवणाऱ्याला त्यापुढे जाण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. पंचेचाळीस मिनिटांच्या चार बैठका केल्या तर १८० मिनिटे होतात. मध्यम श्रम कोणते, हे ओळखण्याची साधी खूण अशी, की पेडल मारताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

हिवाळ्यात बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करू इच्छिणाऱ्यांची गरज निराळी असते. २०० किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते, ६०० किलोमीटरसाठी चाळीस तास मिळतात, आणि इतका वेळ सीटवर बसण्याची सवय पाऊण तासाच्या बैठकांतून लागत नाही. अशांनी आठवड्यातून एक बैठक दीड ते दोन तासांची ठेवावी आणि उरलेल्या तीन पंचेचाळीस ते साठ मिनिटांच्या ठेवाव्यात. दोन तासांपलीकडे ट्रेनरवर बसू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यापुढे पायांना मिळणाऱ्या लाभापेक्षा सीटचा त्रास आणि मनाचा कंटाळा वेगाने वाढतो, आणि त्या एका दिवसाच्या शिणवट्यामुळे पुढचे तीन दिवस बुडतात. दमाची लांब तयारी पाऊस उघडीप देईल त्या रविवारी रस्त्यावर करावी.

थोडक्या वेळाच्या नेमक्या बैठकांनी काय साधते, याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमन २०१६ च्या फेब्रुवारीत बेल्जियममधील शर्यतीत पडला आणि त्याचा हात मोडला. हात प्लास्टरमध्ये असताना त्याने घरी ट्रेनरवर सराव चालू ठेवला आणि सुमारे सहा आठवड्यांनी, १० एप्रिल २०१६ रोजी, अडीचशेहून अधिक किलोमीटरची पॅरिस-रुबे शर्यत जिंकली. त्याच्या पाठीशी रस्त्यावरच्या शर्यतींची अनेक वर्षे होती, हे मात्र विसरू नये. कमावलेली ताकद ट्रेनर राखतो आणि तिला धार लावतो. चार महिने बाहेर पडता आले नाही, म्हणजे वर्ष वाया गेले असे समजणाऱ्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

कंटाळ्याआधी उकाड्याचा विचार करावा

मनाविषयी बोलण्यापूर्वी पंख्याविषयी बोलणे भाग आहे. सायकल चालवताना शरीर खर्च करत असलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. पेडलवर १५० वॅट पडत असतील, तर साडेचारशे वॅटहून अधिक उष्णता शरीराला बाहेर टाकावी लागते. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला आठ मीटर वेगाचा वारा अंगावर येतो आणि घाम वाळतो. बंद खोलीत तो वारा नसतो, आणि आषाढ-श्रावणातली हवा इतकी दमट असते, की घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही. मग शरीर गार ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते, घामामुळे अंगातले पाणी कमी होते, आणि पेडलवरचा जोर तेवढाच असूनही वीस-पंचवीस मिनिटांत हृदयाचे ठोके चढत जातात. नेमके याच वेळी उतरावेसे वाटू लागते आणि माणूस त्याला कंटाळा म्हणतो.

छताचा पंखा यासाठी पुरत नाही. उभा पंखा समोर, छातीच्या उंचीवर, चार-पाच फुटांवर ठेवावा आणि तो पहिल्या मिनिटापासून चालू असावा. खिडकी उघडी ठेवून हवा खेळती राहील असे पाहावे. शक्य असल्यास दुसरा पंखा पाठीमागून लावावा. एसी असला तरी पंखा हवाच, कारण घाम वाळण्यासाठी अंगावरून वारा वाहावा लागतो. माझ्या बैठका पहिल्या वर्षी तीस मिनिटांवर अडत असत. दुसऱ्या वर्षी केवळ एक उभा पंखा आणल्यावर त्याच सायकलवर तास सहज जाऊ लागला.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर घोट घोट घेत राहावे. आपल्याला किती घाम येतो, हे एकदा मोजून पाहावे: बैठकीपूर्वी आणि नंतर अंग पुसून वजन करावे, आणि कमी झालेले प्रत्येक किलो म्हणजे सुमारे एक लिटर पाणी समजून त्यात प्यालेले पाणी मिळवावे. तासाहून अधिक चालवायचे असेल, तर मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत उत्तम. शहाळ्याचे पाणी चांगले असले, तरी त्यात सोडियम कमी असते आणि घामातून प्रामुख्याने तेच जाते. रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी मिठाविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर जोरकस बैठका सुरू करण्यापूर्वीच विचारावे.

बैठकीला आकार असावा

नुसते पेडल मारत बसणे फार थोड्यांना जमते. पन्नास मिनिटांकडे पाहिले की डोंगर दिसतो. त्याचे तुकडे केले की समोर फक्त चार मिनिटे उरतात. मला सर्वाधिक उपयोगी वाटलेली बैठक अशी: दहा मिनिटे हलक्या गिअरवर अंग गरम करावे, मग चार मिनिटे एवढ्या जोराने चालवावे, की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मग तीन मिनिटे हलके. असे चार फेरे करून शेवटी दहा मिनिटे पाय मोकळे करावेत. एकूण वेळ अठ्ठेचाळीस मिनिटे होतो. अशी बैठक आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा करावी, आणि दोहोंत किमान दोन दिवसांचे अंतर ठेवावे.

घाटाची तयारी करायची असेल, तर जड गिअर लावून मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या गतीने आठ-आठ मिनिटांचे तीन चढ चालवावेत. सिंहगडाच्या वाटेवर मांड्यांना जे जाणवते, त्याच्या बरेच जवळचे काही येथे जाणवते. गुडघा दुखू लागल्यास गिअर तत्काळ हलका करावा. उरलेल्या दोन बैठका मात्र सोप्या, एकसारख्या गतीच्या असाव्यात. प्रत्येक वेळी जीव तोडून चालवणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात ट्रेनरकडे पाहणेही टाळू लागतो, हे मी माझ्या सायकलमित्रांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे. सध्या कोणत्याही छोट्या-मोठ्या कसरतीला टबाटा म्हटले जाते, त्याविषयीही येथेच सांगतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ जपानी अभ्यासातील वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद विश्रांतीचे फेरे इतक्या तीव्रतेचे होते, की सात-आठ फेऱ्यांत माणूस पूर्ण थकत असे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

स्मार्ट, म्हणजे मोबाइल किंवा संगणकाशी जोडता येणारा, ट्रेनर असेल, तर झ्विफ्ट, रूव्ही किंवा विनामूल्य मिळणारे मायवूश या अ‍ॅपच्या आभासी रस्त्यांवर चढ आला की पेडल आपोआप जड होते. झ्विफ्टवर फ्रान्समधील आल्प द्युएझच्या एकवीस वळणांच्या घाटाची प्रतिकृतीही आहे. ही साधने मन रमवतात यात शंका नाही. फक्त ठरलेले वॅट ट्रेनर स्वतःच राखतो, तो अर्ग मोड वापरताना पायांची गती मंदावू देऊ नये. गती उतरली की तेवढेच वॅट भरण्यासाठी पेडल आणखी जड होते आणि शेवटी पाय अडकतात. तसे झाल्यास तो मोड क्षणभर बंद करून गती पुन्हा मिळवावी. साध्या, मागचे चाक रोलरवर टेकणाऱ्या ट्रेनरवरही सर्व काही साधते. टायरमधली हवा आणि रोलरचा दाब दर वेळी सारखा ठेवला, तर मागच्या आठवड्याशी तुलना करता येते. अशा चुंबकीय किंवा द्रवाच्या ट्रेनरला वीजही लागत नाही. वीज गेली की पंखा मात्र बंद पडतो, तेव्हा त्या दिवशी पंधरा मिनिटे हलके चालवून थांबावे.

रोज बसण्यासाठी

ट्रेनर काढून ठेवू नये. सायकल काढा, चाक बसवा, चटई अंथरा एवढे सोपस्कार करावे लागले, तर पहाटे साडेपाचला मन माघार घेते. खोलीचा एक कोपरा चार महिने सायकलला द्यावा, कपडे आणि पाण्याची बाटली रात्रीच तेथे ठेवावी. खाली राहणाऱ्यांना घरघर ऐकू जाते, म्हणून जाड रबरी चटई आणि तिच्याखाली दुहेरी सतरंजी घालावी, आणि आपली वेळ शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावी.

ज्या दिवशी इच्छा नसेल, त्या दिवशी फक्त दहा मिनिटांचा शब्द स्वतःला द्यावा. दहा मिनिटांनंतरही शरीर नको म्हणत असेल, तर खुशाल उतरावे. तो नकार बहुधा खरा असतो आणि विश्रांतीची गरज दाखवतो. बहुतेक वेळा मात्र उतरावेसे वाटत नाही. एक दिवस चुकला तर हरकत नाही, सलग दोन बैठका चुकू नयेत एवढे पाळावे. झालेल्या बैठकीची मिनिटे कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहावीत. स्वयंपाकघरात सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेल्या त्या आकड्यांना मोबाइलमधल्या आलेखापेक्षा जास्त वजन असते.

सोप्या बैठकांसाठी एखादी मालिका राखून ठेवावी आणि ती केवळ सायकलवरच पाहावी. जुलैमध्ये टूर द फ्रान्स चालू असते आणि तिच्या टप्प्यांचा शेवट आपल्याकडे साधारण रात्री नऊच्या सुमारास होतो. पर्वतातले टप्पे पाहत चालवलेला तास केव्हा सरतो, ते कळत नाही. आषाढात वारी चालू असताना मी अभंग लावतो. पखवाजाच्या लयीत पाय आपोआप बसतात आणि ज्या दिवसांत लाखो माणसे पावसात पायी चालत असतात, त्या दिवसांत पंख्याखाली बसून तासभर पेडल मारणे अवघड वाटत नाही. जोरकस बैठकीत मात्र पडद्यावर काही नको. तेथे घड्याळ आणि संगीत पुरे. सोबत मिळाली तर फारच चांगले: दोघांनी पहाटे सहाला फोन लावून आपापल्या घरी सुरुवात करावी, कारण कुणीतरी वाट पाहत असताना अंथरुणात राहणे जड जाते.

सीटच्या त्रासाकडे दुर्लक्ष करू नये. ट्रेनरवर सायकल अंगाखाली हलत नाही, त्यामुळे सगळा भार एकाच जागी पडतो. दर आठ-दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पेडल मारावे, पॅडची चड्डी घालावी आणि पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून सायकल समतल करावी. बधिरपणा आला तर उतरावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर त्या दिवसाची बैठक तेथेच संपवून डॉक्टरांना दाखवावे. हँडल आणि वरच्या दांड्यावर पंचा टाकावा. घामातील मिठाने हँडलचे बोल्ट आणि बेअरिंग गंजतात, म्हणून दर बैठकीनंतर ओल्या फडक्याने सायकल पुसावी.

गणपती होऊन सप्टेंबर सरू लागला की बाहेर पडता येते. चार महिने तोल सांभाळण्याची, वळण्याची आणि ब्रेक दाबण्याची गरज पडलेली नसते, म्हणून पहिली फेरी सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यावर दीड तासाचीच ठेवावी. निघण्यापूर्वी हँडलचे बोल्ट आणि ब्रेकचे रबर तपासावे, आणि मागच्या चाकाला ट्रेनरचा टायर असेल तर तो आठवणीने बदलावा. ओल्या रस्त्यावर त्याची पकड भरवशाची नसते.