सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय? मग हृदयाची तपासणी कशी करून घ्यायची, स्टेप बाय स्टेप

चेकअपला गेलं की सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये खाली एक ओळ असते, 'ग्रेड 1 फॅटी लिव्हर', आणि घरी सगळे म्हणतात अरे हे तर सगळ्यांनाच असतं, आणि फाईल कपाटात जाते. सगळ्यांना असतं हे बऱ्यापैकी खरंय, पण फॅटी लिव्हर असलेली माणसं लिव्हर खराब होऊन जातात त्यापेक्षा जास्त हार्टच्या आजाराने जातात, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की लिव्हरसोबत हार्टकडेही बघायचं.

दोघांचा संबंध काय? लिव्हरमध्ये चरबी साठली की इन्सुलिन नीट काम करत नाही, लिव्हर रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) सोडायला लागतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी होतं, शिवाय अंगात बारीक सूज कायम राहते आणि या सगळ्याचा मार रक्तवाहिन्यांना बसतो. 2023 मध्ये डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या आजाराचं नावच बदलून एमएएसएलडी केलं, त्यातला एम मेटाबॉलिकचा, म्हणजे शरीरातल्या साखर-चरबीच्या कारभाराचा. दारू न पिणाऱ्यालाही होतो, त्यामुळे 'मी तर घेतच नाही' हे इथे चालत नाही.

स्टेप 1: कंबर मोजा. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाच्या खाली बांधतो! शिवणकामाची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ठेवा, श्वास सहज सोडा आणि मग वाचा. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंमी आणि बायकांना 80 सेंमीच्या पुढे धोका धरतात. अंगाने बारीक पण पोट सुटलेलं, असे लोकही यात येतात.

स्टेप 2: फिब-4 काढा, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय याचा रक्ताच्या रिपोर्टवरून बांधलेला अंदाज. ग्रेड 1, ग्रेड 2 यावर फार जाऊ नका, ती फक्त चरबी सांगते. खरा प्रश्न लिव्हर कडक होतंय का हा आहे, कारण ते जितकं कडक तितका हार्टचाही धोका वाढतो. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून सुटलो असंही नाही. फिब-4 चं गणित असं: वय गुणिले एसजीओटी (हीसुद्धा लिव्हरच्या तपासणीतच येते), त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. समजा वय 52, एसजीओटी 48, एसजीपीटी 64, प्लेटलेट 2.1 लाख (इथे हजारात, म्हणजे 210 लिहायचं, लोक इथेच गडबडतात). 52 × 48 म्हणजे 2496, खाली 210 × 8 म्हणजे 1680, उत्तर साधारण 1.49. 1.3 च्या खाली असेल तर बहुधा काळजी नाही, 2.67 च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरकडे, मधे असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक ते मोजणारी तपासणी) करून घ्या. पासष्टीच्या पुढे 1.3 ऐवजी 2 धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित फारसं भरवशाचं नाही.

स्टेप 3: हार्टच्या टेस्ट. बीपी, एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी). तंबाखू, सिगारेट आणि घरात कुणाला कमी वयात अटॅक आला होता का हे डॉक्टरला स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. सरसकट टूडी इको (हार्टची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्टच्या पॅकेजमागे पळू नका, गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील.

स्टेप 4: वजन, पण सावकाश. 80 किलोच्या माणसाने 4 किलो कमी केले तरी लिव्हरची चरबी उतरायला लागते, 6-8 किलोला सूजही कमी होते. आठवड्याला अर्धा ते एक किलो बास, त्याहून घाई नको. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे रोजची 30 ग्रॅमच्या पुढे झाली, आधी ती उडवा. ज्यूस, कोल्ड्रिंक, उसाचा रस बंद. उपवासाच्या नावाखाली साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स हा उपवास नव्हे, माझं स्पष्ट मत. रोज अर्धा तास भरभर चालायचं, आठवड्यात 150 मिनिटं होतील असं बघा. दारू सोडलेलीच बरी.

स्टेप 5: गोळ्या. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. 'लिव्हर खराब आहे म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली' असं सर्रास ऐकू येतं, आणि हे उलटं आहे. साध्या फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, सहसा चालतं आणि हार्टला तेच वाचवतं. सिरॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) वाढलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण मनाने बंद करू नका. आणि लिव्हर साफ करणारे काढे? कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत, त्यामुळे काहीही घेत असाल तर डॉक्टरला सांगा.

पुढची तपासणी साधारण 3-6 महिन्यांनी, किती ते डॉक्टरच सांगतील. मधल्या काळात छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम सुटणं असं काही झालं तर गॅस झालाय म्हणत सोडा पिऊन बसू नका, सरळ 108 ला फोन लावा.