पडद्यावर बसलं, कवटीत नाही: इम्प्लांटचं नियोजन करताना या चुका टाळा

ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) "इम्प्लांट जागेवर बसत नाहीये" असा निरोप आला की पहिला संशय थ्रीडी प्रिंटरवर जातो. प्रिंटर बहुतेक वेळा निर्दोष निघतो. क्रॅनिओप्लास्टीचं, म्हणजे काढून टाकलेल्या हाडाची जागा बुजवण्याचं, कॉम्प्युटरवरचं नियोजन दिसायला सोपं असतं: सीटी घ्या, कवटीचं मॉडेल काढा, चांगल्या बाजूची प्रतिमा उलटून खिंडारावर ठेवा, तुकडा कापून घ्या. या चारही पायऱ्यांवर पाय घसरतो.

स्कॅन कामाचा आहे का?

रक्तस्राव किंवा सूज पाहायला 5 मिमीच्या स्लाइस (स्कॅनमधले काप) चालतात, इम्प्लांटला नाही. 1 मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस मागा, आणि गँट्रीचा, म्हणजे सीटी मशीनच्या कड्याचा, कोन 0 ठेवायला सांगा. डोळ्यांवर किरण कमी पडावेत म्हणून काही ठिकाणी गँट्री कलती ठेवतात. सॉफ्टवेअरने तो कल दुरुस्त केला नाही तर पत्त्यांचा गठ्ठा एका बाजूला सरकवावा तशी अख्खी कवटी तिरपी होते. डावी-उजवी बाजू सारखीच कलल्यामुळे समोरून बघताना काही खटकत नाही, म्हणून कलाचा आकडा फाइलमध्ये तपासावा.

स्कॅनचे जेपीईजी फोटो कुणी पाठवले तर परत पाठवा. त्यात पिक्सेलचं माप नसतं, स्लाइसमधलं अंतर नसतं आणि डावं कुठलं, उजवं कुठलं याचीही खात्री नसते. डायकॉमच, म्हणजे स्कॅनची मापांसकट मूळ फाइलच, हवं. तेही ताजं, कारण खिंडाराच्या कडा काळानुसार झिजतात आणि मुलांची तर कवटीच वाढत असते.

थ्रेशोल्डवर आंधळा विश्वास

सर्वांत जास्त इम्प्लांट इथे बिघडतात, असं माझं मत. सॉफ्टवेअर घनतेच्या एका आकड्यावरून, म्हणजे थ्रेशोल्डवरून, हाड ओळखतं. तो आकडा वर नेला की मॉडेलमधलं हाड बारीक होतं, खिंडार मोठं दिसतं आणि तयार झालेला तुकडा खऱ्या जागेत शिरत नाही. खाली आणला की उलटं: तुकडा लहान, सैल.

त्यात जुन्या खिंडाराची कड सुरीच्या धारेसारखी निमुळती झालेली असते. तिथे एकाच व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या छोट्याशा घनात, थोडं हाड आणि थोडी त्वचा येते, सरासरी घनता घसरते आणि सॉफ्टवेअर ती कड सरळ टाकून देतं. सर्जनला मात्र ती हाताला लागते. टेम्पोरल भागातल्या (कानशिलाच्या) पातळ हाडाला आणि डोळ्यांच्या खोबणीच्या छताला मॉडेलमध्ये भोकं दिसतात, तीही याच कारणाने. तेव्हा संपूर्ण कवटीला एकच आकडा लावून मोकळं होऊ नका. मूळ राखाडी स्लाइसवर मॉडेलची बाह्यरेषा ठेवा आणि कडेभोवती एकेक स्लाइस नजरेखालून घाला. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

आरशाची चूक दुप्पट होते

मध्यप्रतल, म्हणजे कवटीचे डावा-उजवा असे दोन भाग करणारं प्रतल, 1 मिमी सरकलं तर उलटलेली प्रतिमा 2 मिमी सरकते. ते 1 अंशाने फिरलं तर प्रतिमा 2 अंशांनी फिरते आणि अक्षापासून 80 मिमी दूरचा बिंदू जवळजवळ 2.8 मिमी हलतो. म्हणून नाकाच्या मुळाजवळचे तीन बिंदू धरून प्रतल आखू नका, बिंदू पुढपासून मागपर्यंत पसरलेले हवेत. शिवाय कुणाचीच कवटी तंतोतंत सममित नसते. उलटलेला तुकडा हा निव्वळ अंदाज आहे, त्याच्या कडा शेजारच्या खऱ्या हाडाशी जुळवून घ्याव्याच लागतात.

खिंडार मध्यरेषा ओलांडून गेलं असेल तर आरसा निकामीच. अशा वेळी हाड काढण्याआधीचा सीटी आहे का, हे विचारायला अनेकजण विसरतात. अपघाताच्या रात्री काढलेला जाड स्लाइसचा स्कॅनसुद्धा आताच्या मॉडेलवर नीट जुळवला तर, त्या जागी फ्रॅक्चर नसल्यास, मूळ वक्रता सांगतो.

तुकडा आत जाणार कुठून?

इम्प्लांट बाहेरूनच बसवायचं असतं. त्याची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा रुंद झाली तर पडद्यावर अगदी चपखल दिसेल, पण खऱ्या हाडात अडकेल. कडा डब्याच्या बुचासारख्या, आतल्या बाजूला निमुळत्या ठेवा आणि चहूबाजूंनी थोडी फट सोडा. टेम्पोरल भागात स्नायू ड्युराला (मेंदूवरच्या आवरणाला) चिकटलेला असू शकतो, तो कुठवर सोडवणार हे सर्जनला विचारल्याशिवाय खालची कड ठरवू नका. खिंडारावरची कातडी आक्रसली असेल तर पूर्ण गोलाईचा तुकडा टाक्यांवर ताण आणतो. तिथे किंचित चपटा आकार शहाणपणाचा. आणि मेंदू बाहेर फुगलेला दिसत असेल तर आधी त्या दाबाचं काय करायचं हे ठरू द्या, डिझाइन थांबू शकतं.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी. प्रिंटरला द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलं नसतं, मिलिमीटरचे इंच समजले गेले तर आकार 25.4 पट होतो. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. पीएलए या प्लास्टिकमध्ये छापलेला नमुना ऑटोक्लेव्हमध्ये (निर्जंतुक करणाऱ्या वाफेच्या यंत्रात) वाकतो, तो टेबलावर हाताळण्यापुरताच ठेवा.

खिंडारासकट कवटीचा तो भाग छापून इम्प्लांटचा नमुना त्यात हाताने बसवून बघा, आणि शक्य असेल तर सर्जनच्याच हातात द्या. पण छापील कवटी त्याच सेगमेंटेशनमधून (स्कॅनमधून हाड वेगळं काढण्याच्या कामातून) आलेली असल्यामुळे थ्रेशोल्डची चूक या चाचणीत पकडली जात नाही. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी टायटॅनियम मेश (जाळी) पर्याय म्हणून टेबलाजवळ तयार असू द्या.