जलाशयात गाळ किती अडकतो, हे कागदावर कसं काढायचं

पहिल्या अंदाजाला दोनच आकडे लागतात: जलाशयाची साठवण क्षमता आणि नदीतून वर्षाला येणारं पाणी. क्षमतेला आवकेने भागा. पाणी जलाशयात सरासरी किती वर्षं थांबतं, ते कळेल. ते जितकं जास्त थांबेल, तितका गाळ बसायला वेळ मिळतो. आता या उत्तराचं वर्गमूळ काढा, ०.०५ ला त्याने भागा आणि आलेली संख्या १ मधून वजा करा. उरतो तो अडकणाऱ्या गाळाचा वाटा.

नाईलवरच्या अस्वान धरणाची क्षमता सुमारे १६२ अब्ज घनमीटर, आवक सुमारे ८४ अब्ज. पाणी जवळपास दोन वर्षं थांबतं. हिशेबाने ९६ टक्के गाळ अडकतो. म्हणूनच नाईलच्या मुखाचा किनारा खचत गेला.

चीनमधल्या यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाची क्षमता ३९.३ अब्ज, आवक साधारण ४५० अब्ज. उत्तर ८३ टक्के येतं, पण प्रत्यक्षात काहीसा कमी अडकतो. पुराच्या महिन्यांत तिथे पातळी १७५ वरून १४५ मीटरपर्यंत उतरवून गढूळ पाणी पुढे सोडतात. सूत्राला दरवाजे कधी उघडतात हे माहीत नसतं, म्हणून धरण कसं चालवतात ते आधी विचारा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. ‘गाळ मृतसाठ्यात जातो, वरचं पाणी सुरक्षित आहे’ हे मी अनेकदा ऐकलं आहे, आणि ते चूक आहे. (मृतसाठा म्हणजे तळाशी राहणारं, वापरासाठी बाहेर काढता न येणारं पाणी.) मोजणीच्या बोटीतून मी पहिल्यांदा फुगवट्याच्या टोकाला, म्हणजे नदी जलाशयात शिरते तिथे, गेलो, तेव्हा भिंत कुठेच दिसत नव्हती आणि वल्हं वाळूत रुतलं. प्रवाह मंदावताच जाड वाळू तिथेच पडते आणि उपयुक्त साठा खाते. भिंतीपर्यंत पोचते ती मुख्यतः बारीक चिकणमाती. त्यामुळे फक्त भिंतीजवळची खोली मोजून समाधान मानू नका.

अडकलेल्या गाळाच्या टनांचं घनमीटर करताना ताज्या चिकणमातीला वाळूची घनता लावू नका. तिच्यात पाणी फार असतं, तेवढ्याच वजनाला ती कितीतरी जास्त जागा व्यापते.

शेवटी प्रत्यक्ष मोजणी हवीच. काठावर पक्क्या खुणा रोवा आणि दर वेळी त्याच छेदरेषांवरून, म्हणजे काठापासून काठापर्यंतच्या ठरलेल्या रेषांवरून, खोली घ्या. रेषा बदलली, तर दोन मोजण्यांतला फरक गाळाचा की जागेचा, हे सांगता येत नाही. नदी जलाशयात शिरते तिथून सुरुवात करून भिंतीकडे या.