प्रोसेस टेलरिंग करताना या चुका टाळा

प्रोसेस टेलरिंग म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीची ठरलेली कार्यपद्धती प्रोजेक्टच्या मापाने बदलणे, आणि हे बदल जिथे नोंदवायचे ती टेलरिंग शीट. कंपनीतल्या कोणत्याही पाच प्रोजेक्टच्या टेलरिंग शीट शेजारीशेजारी उघडून पाहा. 'लागू नाही'च्या रकान्यात पाचही ठिकाणी तेच नऊ मुद्दे आणि कारणाच्या रकान्यात तेच 'प्रोजेक्ट लहान आहे' असे दिसले, तर तिथे टेलरिंग झालेलेच नाही. कुणीतरी एकदा एक शीट भरली आणि बाकीच्यांनी प्रोजेक्टचे नाव तेवढे बदलले. कधीकधी तेही बदललेले नसते. मागच्या क्लायंटचे नाव हेडरमध्ये तसेच राहते.

सीएमएमआय या, कंपनीची कार्यपद्धती किती पक्की आहे हे जोखणाऱ्या चौकटीच्या तिसऱ्या पातळीवर कंपनीकडे दोन गोष्टी असाव्या लागतात: सर्वांसाठी एक प्रमाणित प्रोसेस, आणि ती प्रोजेक्टच्या मापाने बदलायचे लिखित नियम. पहिल्या गोष्टीवर महिने खर्च होतात, दुसरी ऑडिटच्या तोंडावर दोन पानांत उरकली जाते. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ त्या दोन पानांतच असते.

'काय' आणि 'कसे' यांची खिचडी

प्रमाणित प्रोसेसमध्ये 'कोड रिव्ह्यू अमुक टूलच्या अमुक स्क्रीनवर करावा' असे लिहिले की टूल बदलणाऱ्या प्रत्येक टीमला सूट मागावी लागते. अशी सूट मागणाऱ्या अर्जांचा ढीग लागला असेल, तर टीम बेशिस्त असल्याचा निष्कर्ष काढण्याआधी त्यातले किती अर्ज नुसत्या टूलबद्दल आहेत ते मोजा.

मजकुराचे तीन थर करा. वरचा थर धोरणाचा, म्हणजे एक-दोन वाक्ये: 'लेखकाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने तपासल्याशिवाय कोड मुख्य शाखेत जाणार नाही.' मधला थर प्रोसेसचा: सुरू करण्याची अट, काम, पडताळणी आणि संपल्याची अट. प्रत्येक प्रोसेस दोन पानांत बसली पाहिजे. खालच्या थरात टेम्प्लेट, चेकलिस्ट आणि टूलच्या सूचना. वरच्या थराला सूट नाही. मधल्या थरात लेखी कारण देऊन बदल करता येतो. खालच्या थरात टीमने हवे ते वापरावे, मंजुरी मागू नये. एवढ्या विभागणीनेच निम्मा वाद मिटतो, कारण वाद बहुतेक वेळा खालच्या थराचा असतो आणि लढला जातो वरच्या थराच्या आवेशात.

टेलरिंग म्हणजे फक्त कात्री

शिंपी कापड कापतो तसे जोडतोही. पण टेलरिंग शीटवर 'वगळले' एवढाच रकाना असेल, तर लोक वगळण्यापलीकडे काही करणार नाहीत. रकाने तीन ठेवा: वगळले, बदलले, वाढवले. एखाद्या टीमला पहिल्यांदाच नवे तंत्रज्ञान हाताळायचे असेल आणि तिच्या शीटवर 'वाढवले'खाली एकही नोंद नसेल, तर मंजुरी देण्याआधी थांबा. आर्किटेक्चरचा प्राथमिक प्रयोग, परफॉर्मन्स टेस्टची जादा फेरी, यातले काहीतरी तिथे हवेच.

'वगळले'च्या प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्नांची उत्तरे घ्या. ही पायरी कोणता धोका अडवत होती? तो धोका आता कोण आणि कसा अडवणार? उदाहरणार्थ, 'वेगळा डिझाइन दस्तऐवज वगळला. इंटरफेसमधले बदल पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या) वर्णनात लिहिले जातील आणि टेक लीड ते तपासेल.' हे चालते. 'वेळ कमी असल्याने वगळला' हे चालत नाही. वेळ कमी असणे ही अडचण झाली, टेलरिंगचे कारण नव्हे.

आणि हा निर्णय एकट्या प्रोजेक्ट मॅनेजरचा नसतो. सॉफ्टवेअरच्या जीवनचक्रावरच्या आयएसओ 12207 या मानकाच्या 2017च्या आवृत्तीत टेलरिंग ही परिशिष्टात स्वतंत्र प्रक्रिया म्हणूनच दिली आहे, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्या सगळ्यांचे म्हणणे घेण्याची पायरी तीत आहे. रिक्वायरमेंट रिव्ह्यू वगळला की भोगायचे टेस्टरला असते. त्याची सही कुठे आहे?

फक्त आकारमानावरून माप

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बहुतेक कंपन्यांच्या नियमात लिहिलेले असते: इतक्या व्यक्ती-महिन्यांपेक्षा (एका माणसाचे एक महिन्याचे काम म्हणजे एक व्यक्ती-महिना) कमी म्हणजे 'लहान', लहान म्हणजे हलकी प्रोसेस. मोजायला सोपे म्हणून सगळे हा निकष धरतात. पण पेमेंट गेटवेवरून पैसे परत करण्याच्या कोडमधला तीन दिवसांचा बदल आकाराने लहान आणि परिणामाने मोठा असतो. उलट, कंपनीच्या आतल्या वापरासाठी आठ महिने चालणारे रिपोर्टिंगचे काम आकाराने मोठे. ते बिघडले तर कुणालातरी एक दिवस एक्सेलमध्ये काढावा लागतो, इतकेच.

जिथे चुकीची किंमत जिवाने मोजली जाते, त्या क्षेत्रांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-178सी या मानकात बिघाडाचा परिणाम पाहून ए ते ई असे स्तर ठरतात. ए स्तराला 71 उद्दिष्टे पूर्ण करावी लागतात, बी ला 69, सी ला 62, डी ला 26, आणि ई ला एकही नाही. कोडच्या ओळी किती हा प्रश्न तिथे येतच नाही. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी 62304 मध्ये ए, बी, सी असे तीन सुरक्षा वर्ग आहेत. प्रत्येक युनिटचे तपशीलवार डिझाइन लिहिणे सी वर्गाला बंधनकारक आहे, ए वर्गाला नाही. पुण्यात वाहनांसाठी एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आयएसओ 26262 मधले धोक्याचे ए ते डी स्तर परिचयाचे असतील. तिथेही तत्त्व हेच. माप आधी ठरते, कापड नंतर कापले जाते.

सर्वसाधारण आयटी कामासाठी एवढा फौजफाटा नको. पाच प्रश्न पुरतात:

- बिघडले तर पैसे, जीव किंवा वैयक्तिक माहिती धोक्यात येते का?
- झालेला बदल तासाभरात मागे घेता येतो का?
- टीमने हे तंत्रज्ञान आधी वापरले आहे का?
- टीम किती ठिकाणी विखुरलेली आहे?
- काम किती मोठे आणि किती काळाचे आहे?

आकार मुद्दाम शेवटी ठेवला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तर बाकीची उत्तरे काहीही असोत, पूर्ण प्रोसेस लागू. 'नाही' आले आणि बदल सहज मागे घेता येत असेल, तर हलकी. उरलेल्यांना मधली. अशा तीनच साच्यांनी सुरुवात करा. सात साचे केले की साचा निवडण्यासाठीच बैठक लागते.

ज्याला कात्री लावायची नाही, ते लिहिलेलेच नाही

टेलरिंगच्या नियमात 'हे कोणीही वगळू शकत नाही' अशी यादी हवी, आणि ती आखूड हवी. आठ-दहा मुद्दे. सोर्स कोड आवृत्ती-नियंत्रणाखाली. लेखकाव्यतिरिक्त एकाने तपासणी. प्रत्येक रिलीजला मागे फिरण्याच्या पायऱ्या लिहिलेल्या. प्रॉडक्शनचे पासवर्ड कोडमध्ये नाहीत. रिलीजला कोणी मंजुरी दिली याची नोंद. यादी तीस मुद्द्यांची झाली की तिच्यातूनही सूट मिळू लागते आणि मग ती यादीच उरत नाही.

कायद्याने आलेल्या गोष्टी याच यादीत टाका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात आणि सिस्टिम लॉग (सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. 'आमचे स्टार्टअप आहे, आम्ही लॉग 30 दिवस ठेवतो' ही ओळ टेलरिंग शीटवर कितीही सह्यांनी मंजूर झाली तरी त्या मंजुरीला अर्थ नाही.

तातडीच्या दुरुस्तीचा रस्ता मात्र आधीच आखून ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता लोक स्वतःचा काढतात. हॉटफिक्सला एवढीच मुभा द्या की आधी फोनवर मंजुरी घ्यावी, शेजारी बसून कुणीतरी बदल पाहावा, आणि रीतसर रिव्ह्यू व नोंद पुढच्या कामाच्या दिवसात पूर्ण व्हावी. महिन्यातल्या एकूण रिलीजपैकी पाचवा हिस्सा हॉटफिक्स म्हणून जाऊ लागला, तर नेहमीचा रस्ता जड झाला आहे असे समजून तो तपासा.

मुदत नसलेली सूट

एका रिलीजपुरती दिलेली सूट दोन वर्षे चालते, कारण ती कधी संपते हे कुणी लिहिलेलेच नसते. प्रत्येक सुटीवर तारीख किंवा रिलीज क्रमांक घाला; तीन महिन्यांपेक्षा लांबची तारीख नको. मुदत संपली की नव्याने अर्ज. तीच सूट तीन वेगवेगळ्या प्रोजेक्टांनी मागितली, तर चौथ्यांदा मंजूर करू नका. स्टँडर्डच दुरुस्त करा. सुटीच्या नोंदी हा प्रोसेस सुधारण्याचा सगळ्यात प्रामाणिक डेटा आहे, आणि तो फुकट मिळतो.

मोजमापालाही कात्री

एक टीम दोष-घनता (कोडच्या ठरावीक ओळींमागे किती दोष) काढताना कॉमेंटच्या ओळी धरते, दुसरी वगळते. एक टीम युनिट टेस्टमध्ये सापडलेले दोष नोंदवते, दुसरी 'ते तर डेव्हलपरनेच काढले' म्हणून सोडून देते. मग तिमाही बैठकीत दुसरी टीम चांगली ठरते, आणि सगळ्यांना धडा मिळतो: कमी नोंदवा, शाबासकी मिळवा.

काम कसे करायचे हे टेलर होऊ शकते, मोजायची व्याख्या नाही. कंपनीभर चार-पाचच मापे ठेवा: अंदाज आणि प्रत्यक्ष श्रम यांतला फरक, रिलीजनंतर सापडलेले दोष, रिव्ह्यूत सापडलेले दोष, मागणीपासून रिलीजपर्यंतचे दिवस. प्रत्येकाची व्याख्या एका परिच्छेदात लिहा, गणिताच्या उदाहरणासह. काय धरायचे नाही, तेही लिहा. हलका साचा वापरणाऱ्या आणि पूर्ण साचा वापरणाऱ्या प्रोजेक्टांची सरासरी एकत्र काढू नका.

'आम्ही एजाइल आहोत'

एजाइल म्हणजे छोट्या-छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत. पण हे वाक्य सहसा चर्चा थांबवण्यासाठी येते. गंमत अशी की स्क्रम या एजाइलमधल्या चौकटीच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच म्हटले आहे की ही चौकट बदलण्याजोगी नाही. तिचे तुकडे वापरता येतात, पण मग त्याला स्क्रम म्हणू नये. म्हणजे दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे टप्पे) आहेत पण रेट्रोस्पेक्टिव्ह (टप्पा संपल्यावर मागे वळून पाहण्याची बैठक) नाही, असे असेल तर तेही टेलरिंगच. तेही शीटवर कारणासह आले पाहिजे. एजाइल टीमसाठी वेगळे दस्तऐवज मागू नका. बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), 'पूर्ण झाले'ची व्याख्या आणि पुल रिक्वेस्टचा इतिहास हाच पुरावा धरा. ऑडिटसाठी मागाहून वर्ड फाइल बनवायला लावणे म्हणजे लोकांना खोटे लिहायची सवय लावणे.

क्लायंटची प्रोसेस आणि आपली

सेवा देणाऱ्या कंपन्यांत हा कायमचा घोळ. क्लायंटची स्वतःची प्रोसेस असते, मग टीम दोन्हीकडे नोंदी करते किंवा आपल्याकडे काहीच करत नाही. प्रोजेक्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत एक पानी जुळणी करा: आपली पायरी, तिच्या जागी क्लायंटची कोणती, पुरावा कुठे सापडेल. जी पायरी क्लायंटकडे नाही पण आपल्या 'वगळू नये' यादीत आहे, तेवढीच आपल्याकडे करा.

लागू करण्यातली घाई

'एक तारखेपासून सर्व प्रोजेक्ट नव्या प्रोसेसवर' या मेलने अर्ध्यावर आलेले प्रोजेक्ट दोन्हीकडून जातात. वेगवेगळ्या साच्यांतले दोन-तीन प्रोजेक्ट निवडून एक पूर्ण रिलीज होईपर्यंत प्रयोग करा. प्रोसेसला आवृत्ती क्रमांक द्या. नवी आवृत्ती नव्या प्रोजेक्टांना लागू. चालू प्रोजेक्टांत डिझाइन संपले असेल तर जुनीच पुढे चालू द्या आणि तसे शीटवर लिहा. देखभालीच्या कधीच न संपणाऱ्या प्रोजेक्टांना मात्र ठरावीक तारीख द्यावीच लागते, नाहीतर पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती तिथेच मुक्काम ठोकून राहते.

टेलरिंग शीट प्रोजेक्ट सुरू होताना एकदा भरून विसरायची नसते. टीमचा आकार दुप्पट झाला, नवे शहर जोडले गेले, किंवा व्याप्तीत पैशांचे व्यवहार आले, की त्याच आठवड्यात ती उघडा आणि पाच प्रश्न पुन्हा विचारा.